नेमूदादाचे भुंगे

"आधी मला सांग, यात काही मरतं काय?" आईने विचारलं.

ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. उपवासाचा सहावा दिवस. तोंड एवढंसं झालं होतं, पण आवाज शाबूत होता आणि जिद्द तर त्याहून शाबूत. मी टेबलावरचा कॉम्प्युटर तिला दिसेल असा वळवत होते.

"चित्रं आहेत गं आई. नुसते रंगीत ठिपके."

"ते न्हाई विचारलं मी. मरतं काय?"

"मारलं तर मरतं. नाही मारलं तर नाही."

"मग बंद कर ते."

"पंधरा मिनिटं बघ. मी एकही मारणार नाही. मग तू म्हणशील ते करते."

आईने खिडकीकडे पाहिलं. सहाला पाच मिनिटं कमी होती. भाद्रपदातली उन्हं समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावरून खाली घसरू लागली होती आणि आत यंत्रमागांची खटाखट चालू होती. आमच्या इचलकरंजीत ती थांबली तरच माणसं दचकतात.

"बघते," आई म्हणाली. "पण उपवास सोड म्हणायचं न्हाई."

मला तेच म्हणायचं होतं. सकाळी डॉक्टर आवटी येऊन गेले होते. नाडी धरून बराच वेळ बसले, मग मला अंगणात नेऊन म्हणाले, "पद्मिनी, सहा झाले, खूप झाले. आईंचं हृदय आता हे सोसणार नाही. दहा पुरे करायचे म्हणत असतील तर माझ्याच्याने काही होणार नाही." आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वातले दहाच्या दहा दिवस, दुपारी एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. एरवीही दिवस मावळल्यावर आमच्या घरात कुणी जेवत नाही. ती नियम एकेका दिवसाचा घ्यायची. रोज पहाटे उठून आजचा उपवास, असं म्हणायची. म्हणजे उद्या पहाटे तिने तो घेऊ नये एवढंच मला साधायचं होतं. अशा वेळी कॉम्प्युटरवरचा खेळ काय कामाचा, असं कुणालाही वाटेल. पण तिचे उपवास त्या खेळापायीच होते.

नेमिनाथ माझा थोरला भाऊ. आम्ही नेमूदादा म्हणायचो. एकोणनव्वद साली तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी तेरा. आमचे चार माग होते आणि रात्रपाळी त्याच्याकडे असायची. दुपारी झोप काढून उठला की तो एसटी स्टँडमागच्या बाबालालचाचांच्या व्हिडिओ पार्लरमध्ये जायचा. तिथे तीन मशिनं होती. त्यातल्या एकावरचं नाव हात घासून घासून पुसून गेलं होतं, म्हणून गावभर त्याला भुंगे म्हणत. वर काळ्या आभाळात भुंग्यांच्या रांगा, खाली आपलं विमान. भुंगे गिरक्या घेत खाली झेपावायचे, गोळ्या टाकायचे. आपण लाल बटण दाबून त्यांना फोडायचं. सारा खेळ एवढाच.

आईला हे कळलं तेव्हा घरात रामायण झालं. "नाव नेमिनाथ तीर्थंकरांचं ठेवलं," ती म्हणाली, "ते कोंडलेली जनावरं बघून लग्नाच्या वाटेवरनं माघारी फिरले. आणि हा पैसे देऊन जीव मारतोय!" दादा हसत म्हणाला की अगं, ते खोटे भुंगे आहेत. तेव्हा आईने पिठाच्या कोंबड्याची गोष्ट काढली. आमच्यात ती गोष्ट पोराला बोलता येण्याआधी ऐकवतात. एका राजाने खरा कोंबडा मारायला नकार दिला आणि आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. मनात मारायचा हेतू होता, म्हणून खऱ्याचंच पाप लागलं. आई आणि मुलगा, दोघंही जन्मोजन्म जनावरं होऊन भोगत राहिले.

दादा ते ऐकून मागावर निघून गेला. पण पार्लर सुटलं नाही, खेळायची रीत तेवढी बदलली. तो बटणाला हातच लावेना. नुसतं विमान हलवून गोळ्या चुकवायचा. बाकीची पोरं हसायची, कारण खेळ संपला की त्याच्या नावापुढे शून्य. बाबालालचाचा म्हणायचे, "अरे मगदूम, तू खेळायला येतोस की व्रत करायला?" दादाच्या हाताची एक लय होती. उजवीकडे तीन छोट्या उड्या, मग डावीकडे एक मोठी. सूत वाहणारा धोटा मागावर ये-जा करतो तशी. आणि दम खायचा झाला की विमान डाव्या कोपऱ्यात नेऊन उभं करायचा.

एकदा तो घरी आला तो डोळे मोठे करूनच. मला कारखान्यामागे नेऊन म्हणाला, "पद्मे, कुणाला सांगू नकोस. लई वेळ गोळी मारली न्हाई ना, की तेपण मारायचे थांबतात. नुसतं वर बसून राहतात. मी बघितलंय."

"चल, कायतरीच!"

"आईची शपथ. तुला दाखवीन एक दिवस."

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो गेला. पहाटे मागाच्या मोटारीचा करंट बसला. आईने तेव्हापासून एकच धरून ठेवलं: पोराने हौसेने जीव मारले, ते फिरून आलं. पहिल्या वर्षी एक उपवास, मग तीन, मग पाच. चौदा वर्षांत दहापर्यंत आली. तो मारत नव्हता, असं मी शंभरदा सांगितलं. ती म्हणायची, "तू का त्याच्याबरोबर रोज होतीस?"

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये सी भाषा शिकवत होते. बिघाड दिसला की ओळ शोधायची, हा माझा धंदा. म्हणून त्या वर्षी ठरवलं की भुंगे आपणच बनवायचे आणि आईला डोळ्यांनी दाखवायचं. दीड महिना लागला. रांगा, रंग, गिरक्या, सगळं आठवून आठवून केलं. आवाज काही जमत नव्हता, म्हणून पर्व सुरू व्हायच्या आदल्या रविवारी दुपारी बाबालालचाचांना घरी बोलावलं. पार्लर बंद होऊन वर्षं लोटली होती. ते आता मिक्सर दुरुस्त करत होते.

चाचा खुर्चीत बसले. मी खेळ सुरू केला आणि चहा टाकायला आत गेले. पाच सेकंद कुणी काही दाबलं नाही तर खेळ आपोआप चालून दाखवेल, अशी सोय मी केली होती. वर 'नमुना' असा शब्द लुकलुकायचा आणि विमान कसंही इकडे तिकडे फिरत गोळ्या झाडायचं. कुठे वळायचं, कधी झाडायचं, ते सगळं कॉम्प्युटरने फासे टाकल्यासारखं ठरवायचं.

चहा घेऊन आले तर चाचा उभे होते. टोपी हातात.

"हे कोण खेळतंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही चाचा. आपोआप चालतंय ते."

"गोळी का मारत न्हाई मग?"

मी पाहिलं. विमान खरंच गोळी मारत नव्हतं. उजवीकडे तीन छोट्या उड्या घेतल्या. मग डावीकडे एक मोठी.

"योगायोग असतो," मी म्हटलं. मी कपबश्या टेबलावर ठेवल्या. "थोडा वेळ थांबा, मारेल."

"पोरी, पाच वर्षं त्या काचेसमोर बसलोय मी. कुणाचा हात कसा, ते डोळे झाकून आवाजावरनं सांगीन. हा नेमूचा हात हाय."

मी कॉम्प्युटर बंद केला. चाचांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. मी विषय बदलायला विचारलं, "चाचा, भुंगे खरंच थांबायचे का हो? दादा म्हणायचा तसे?"

"मी तर न्हाई बघितले. त्या दिवशी बघायला मिळाले असते." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू आईला सांगितलंस काय? त्या दिवशीचं?"

मी मान हलवली. नाही.

"मीबी कुणाला बोललो न्हाई. पण सांग तू. चौदा वर्षं झाली."

ते गेल्यावर मी चार तास कोड तपासलं. काही चूक नव्हती. परत चालवलं तर विमान वेड्यासारखं गोळ्या झाडत होतं.

सांगायचं धैर्य मला नव्हतं, हे कबूल करते. त्याऐवजी मी लबाडी केली. उपवासाच्या सहाव्या दिवशी, डॉक्टर गेल्यावर, दुपारी क्लासमध्ये जाऊन खेळात चार ओळी घातल्या. दहा मिनिटं गोळी मारली नाही तर भुंगे थांबतील, एवढंच. फ्लॉपीवर उतरवून घेतलं, घरी आले आणि आईसमोर कॉम्प्युटर लावला. दादा म्हणाला ते खरं होतं, असं तिला दिसेल. मग बाकीचं काही सांगायची गरजच पडणार नाही. असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तर सहाला पाच कमी असताना मी खेळायला बसले.

खेळताना घड्याळाकडे बघायची सोय नसते. आई माझ्या पाठीमागे, तिचा श्वास ऐकू येत होता. मी विमान हलवत होते, गोळ्या चुकवत होते. दोनदा मेले, दोनदा परत सुरू केलं. तिसऱ्यांदा, सहा वाजून गेल्यावर, टिकले.

"वर आकडा काय हाय?" आईने विचारलं.

"शून्य."

"नेमूचंबी शून्य असायचं?"

"नेहमी शून्य. चाचांना विचार."

पाच मिनिटं झाली असतील, मग आठ. माझी बोटं आखडली. भिंतीवरच्या घड्याळात मी एकदा कसंबसं पाहिलं. सव्वासहा वाजून गेले होते. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. भुंगे थांबले नाहीत. उलट जास्तच झेपावत होते. माझ्या चार ओळींचं काय झालं मला कळेना. बारा मिनिटं. तेरा.

"पुरे," आई म्हणाली. "मला दिसलं. न मारता खेळता येतंय. पण तो तसंच खेळला कशावरनं? शेवटच्या दिवशी तरी न मारता आला काय तो? ती बाजारातली कुसूम आली होती सांगायला. तुझ्या पोराच्या मशिनवर भुंगा फुटलेला माझ्या भावाने बघितलाय म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. चौदा वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. 

"आई, तो मी मारला."

 मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले होते, पण नजर पडद्यावरच होती, कारण तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"तू मला त्याला जेवायला बोलवायला पाठवलं होतंस. दिवस मावळायला आला होता. तो म्हणाला, पद्मे, थोडंच थांब, आता ते थांबणार, तुला दाखवतो. मला भूक लागली होती. तो काही हलेना. म्हणून मी मध्येच हात घातला आणि लाल बटण दाबलं. एक भुंगा फुटला. मग सगळे एकदम खाली आले आणि त्याचं विमान गेलं. तो मला काही बोलला नाही. मारलं पण नाही. नुसतं म्हणाला, तू माझ्या नावावर मारलास गं."

मला रडू फुटलं. तेरा वर्षांच्या पोरीसारखी हमसून रडत होते, नाक पदराने पुसत होते. आणि तशात आई शांतपणे म्हणाली, "पद्मे, तुझे हात कुठं हायत?"

"काय?"

"हात तुझे मांडीवर हायत."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. मी बोलत असताना मिनिट-दोन मिनिटं तरी गेली असतील. एवढ्या वेळात एक तर 'नमुना' सुरू व्हायला हवा होता, नाहीतर विमान केव्हाच फुटायला हवं होतं. ते चाललं होतं. उजवीकडे तीन छोट्या उड्या. डावीकडे एक मोठी. वर 'नमुना' हा शब्द नव्हता. गोळी एकही सुटत नव्हती. आकडा शून्य.

मी हात आणखी मागे घेतले. खुर्ची सरकवली. कीबोर्डपासून हातभर लांब झाले.

खाली आलेले भुंगे एकेक करून वर गेले आणि आपापल्या जागी बसले. शेवटची एक गोळी काळ्या आभाळातून सावकाश खाली आली आणि विमानाच्या बाजूने निघून गेली. मग काहीच पडेना. भुंगे जागच्या जागी पंख हलवत होते. समोरच्या कारखान्यातली खटाखट चालू होती, तरी खोलीत मला अगदी शांत वाटलं. विमान हळूहळू सरकत डाव्या कोपऱ्यात गेलं आणि उभं राहिलं.

मी घाबरले होते. हे लिहितानाही घाबरते. आई घाबरली नाही.

"मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "तो मारत नव्हता, मला ठाऊक होतं. पाप त्याचं न्हाई म्हटलं तर मग कुणाचं? त्या दिवशी तुम्ही दोघं आलात, तेव्हा दिवस मावळून दहा मिनिटंबी झाली न्हवती. तो म्हणाला, आई, भूक लागलीय, दोन घास दे. मी ताट उचलून ठेवलं. म्हटलं, त्या मशिनला विचार जेवायला वाढतंय काय. उपाशीपोटी रात्रपाळीला गेला. चक्कर येऊन हात पडला असणार मोटारीवर."

इतकं बोलून ती दमली. मी तिच्या पायाशी जाऊन बसले. चौदा वर्षं एका घरात आम्ही दोघी त्याच एका संध्याकाळपाशी बसून होतो आणि एकमेकींना एक शब्द बोललो नव्हतो, याचा मला तेव्हा फार राग आला. तिचाही आणि माझाही.

आईने खिडकीकडे पाहिलं. पत्र्याच्या कडेला अजून उन्हाची एक पट्टी होती.

"दिवस हाय अजून," ती म्हणाली आणि पाय खाली सोडले.

"आई, उठू नकोस."

"हात धर."

मी तिला धरून स्वयंपाकघरात नेलं. सहा दिवस ती तिकडे फिरकली नव्हती. माझ्यासाठी केलेली भाकरी आणि मुगाची आमटी होती. तिने स्वतःच्या हाताने ताट वाढलं. दादाचंच, उभ्या कडांचं पितळी ताट.  ते तिने मला उचलू दिलं नाही. भिंत धरत धरत आली आणि कॉम्प्युटरसमोर टेबलावर ठेवलं.

"नेमू, जेवून घे बाबा," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत."

विमान कोपऱ्यातच होतं. भुंगे वर बसलेले.

थोड्या वेळाने आई माझ्याकडे वळली. "आता तू बस त्या ताटावर. त्याचं म्हणून जेव. तूपण उपाशीच झोपलीस त्या दिवशी."

मी जेवले. घास गिळता गिळता रडत होते. आई समोर बसून बघत होती. शेवटचा घास घेतला तेव्हा पत्र्यावरचं ऊन गेलं होतं. मी ताटात हात धुतले आणि मान वर केली. पडदा काळा होता. वीज गेली नव्हती, दिवा चालू होता. खेळ तेवढा बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने उपवासाचा नियम घेतला नाही. सूर्य वर आल्यावर मुगाच्या पाण्याने पारणं केलं. डॉक्टर आवटी म्हणाले, "कसं पटवलंत?" मी म्हटलं, "समजावलं." याहून जास्त सांगून काय उपयोग होता?

पंधरा दिवसांनी रिक्षावाल्याला सुट्टे द्यायला पर्सचा मागचा कप्पा उघडला, तेव्हा ती फ्लॉपी सापडली. त्या संध्याकाळी घाईत ती कॉम्प्युटरमध्ये घालायचीच राहिली होती. आम्ही पाहिला तो रविवारचा जुना खेळ होता. माझ्या चार ओळी त्यात नव्हत्याच. मी रस्त्यात उभी राहिले ती रिक्षावाला हॉर्न वाजवेपर्यंत.

आई पुढे अकरा वर्षं जगली. दशलक्षणात एक उपवास करायची, बाकीचे दिवस एकवेळ जेवायची. मी मात्र दर वर्षी पर्वाच्या सहाव्या दिवशी, ऊन पत्र्यावरून उतरायच्या सुमारास, खेळ सुरू करून हात मांडीवर ठेवून बसायचे. पाच सेकंद झाले की 'नमुना' लुकलुकायला लागायचा. विमान वेड्यासारखं गोळ्या झाडायचं, भुंगे फुटायचे, मिनिटभरात सगळं संपायचं. कोड मी इतक्यांदा वाचलं की झोपेत म्हणून दाखवीन. त्यात काही सापडलं नाही.

एका वर्षी आई पलंगावर शेंगा सोलत होती. माझं ते बसणं तिने बराच वेळ पाहिलं.

"कशाला वाट बघतीयास गं?" ती म्हणाली. "जेवून गेला न्हवं तो. आता कशाला येतोय?"